बदकावरचे बुरोंडकर

कमरुद्दीन बुरोंडकर याला बोट लागायची. चार पिढ्या समुद्रावर काढलेल्या घरात जन्मलेल्या माणसाला बोट लागावी, ही गोष्ट बुरोंडी गावाला इतकी गमतीची वाटे की लग्नाकार्यात जेवणं आटोपली की कुणीतरी ती काढायचंच. थोरला भाऊ खैरुद्दीन तांडेल होता. स्वतःची लाँच घेऊन तो कौलं नि कांदे दुबईला पोचवायचा. धाकट्याला त्याने तीनदा बरोबर नेऊन पाहिलं आणि तिन्ही वेळा धाकटा डोलकाठीला मिठी मारूनच गेला आणि मिठी मारूनच परत आला. चौथ्या खेपेला खैरुद्दीनने त्याला दुबईच्या धक्क्यावर उतरवलं आणि सांगितलं, "आता जमिनीवर काय जमतंय ते बघ."

जमिनीवर त्याला रांधणं जमलं. तेही असं जमलं की एकसष्ट साली तो अजमानला हॉलिस साहेबाकडे बावर्ची म्हणून लागला तो तिथेच टिकला. खाडीकाठी कंपनीचा तीन खोल्यांचा बंगला होता. वीज नव्हती, फ्रिज रॉकेलवर चाले आणि पाणी गाढवाच्या पाठीवरून येई. साहेब एका सर्वे कंपनीत होता. वाळवंटात गोडं पाणी कुठे आहे ते शोधणं हे त्याचं काम. उंच, एकटा आणि दम्याने पिडलेला माणूस. पूर्वी कराचीला असल्यामुळे त्याला हिंदुस्थानी येत असे, पण ती सगळी हुकमाची. माफी मागायची झाली तरी तो "माफ करो!" असं ओरडायचा.

त्याचे नियम दोनच होते. घरात धूर करायचा नाही, कारण दमा. आणि त्याने सांगितल्याशिवाय बदकाला हात लावायचा नाही, कारण उवा.

हे उवांचं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण कमरुद्दीनला ते समजायला पहिला हिवाळा पुरला नाही. थंडीत उत्तरेकडून खाडीत बदकं उतरायची. तलवार बदकं, थापटे, आणखी कसली कसली. इतर साहेब लोक ती खाण्यासाठी मारत. हॉलिस साहेब मारत असे ती बदकाच्या पिसांत राहणाऱ्या किड्यांसाठी. पाण्याची नोकरी पोटासाठी आणि किड्यांचा नाद जिवासाठी, अशी त्याची वाटणी होती. बदक मेलं की अंग गार पडतं, आणि अंग गार पडलं की भाडेकरू घर सोडतात. म्हणून पाखरू पडलं रे पडलं की ते पिठाच्या धुतलेल्या पिशवीत घालायचं, तोंड आवळायचं, नंबराची चिठ्ठी बांधायची. एका पिशवीत एकच पाखरू. घरी आल्यावर पिशव्या मुदपाकखान्यातल्या खुंट्यांवर टांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कागदावर पाखरू धरून कंगव्याने विंचरायचं. जे पडेल ते ओल्या ब्रशच्या टोकाने उचलून स्पिरिटच्या कुपीत टाकायचं. कुप्या अत्तराच्या होत्या, दुबईच्या बाजारातून आणलेल्या.

पिशव्या शिवायचा कमरुद्दीन. विंचरायचाही कमरुद्दीन. ज्या हाताने त्याने दापोलीच्या मामलेदाराला सांदणं खिलवली होती त्या हाताने तो बदकाच्या उवा काढत होता, आणि साहेब शेजारी बसून "शाबाश! और एक!" असं ओरडत होता. घरी पत्रात त्याने लिहिलं होतं, 'साहेबाच्या हाताखाली नमुने गोळा करण्याच्या खात्यात आहे.' हे खोटं नव्हतं. फक्त नमुने कशाचे, ते लिहायला पोस्टकार्डावर जागा पुरली नव्हती.

एवढं होऊनही तो तिथे राहिला, कारण विंचरून झालं की बदक त्याचं. त्यातलंही स्वतःला खायचं ते त्याने चिखलात धावत जाऊन, जीव असेतो बिस्मिल्ला म्हणून कापलेलंच. थापट्याच्या मांसाला चिखलाचा वास येतो, तो आमसुलाच्या पाण्याने जातो, हे त्या किनाऱ्यावर त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

आता खरं दुखणं. कमरुद्दीनचं लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बायको रशीदा बुरोंडीत, मोठ्या भावाच्या घरात. खैरुद्दीनला पाच मुली. म्हणजे बुरोंडकरांचं नाव पुढे लावायचं ते कमरुद्दीनच्याच मुलाने, आणि तो मुलगा तर यायचं नाव घेत नव्हता. दोन वर्षांतून दोन महिने घरी जाणाऱ्या माणसाला मूल कसं व्हावं, हा हिशेब कुणी मांडत नसे. गावाने आपला निकाल लावून टाकला होता. रशीदाला बायका पाण्यावर भेटल्या की बोलता बोलता गप्प व्हायच्या, आणि ती पुढे गेली की पुन्हा बोलायला लागायच्या.

त्रेसष्ट साली रशीदाने कापडात शिवलेलं एक पुडकं पाठवलं. आत लोबान. दर्ग्यातल्या मैमुनाबींनी सांगितलं होतं, की नवराबायको जिथे जिथे असतील तिथे दर जुमेरातीला, मगरिबच्या म्हणजे दिवस मावळतीच्या नमाजाआधी, घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून लोबानचा धूर फिरवावा. जे झाकलेलं असेल, जे टांगलेलं असेल, त्यालाही द्यावा. आणि औलाद मागावी. रशीदाने लिहिलं होतं, 'मी इथे करते. तुम्ही तिथे चुकवू नका.' हा लोबान अरबस्तानच्याच झाडांचा. तो तिथून मुंबईला गेला, मुंबईहून बुरोंडीला, आणि बुरोंडीहून टपालाने परत अरबस्तानात आला. पण रशीदाच्या हातचा होता, म्हणून कमरुद्दीनला तो बाजारातल्यापेक्षा वेगळा वाटला, आणि ते चूक होतं असं कोण म्हणेल?

अडचण एकच, साहेबाचा दमा. पण जुमेरात म्हणजे गुरुवार, आणि शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे साहेब कमरुद्दीनला घेऊन शिकारीला जाई तो गुरुवारीच दुपारी. दिवस कलता कलता परत येई, पिशव्या कमरुद्दीनच्या हवाली करी आणि चिखल धुवायला न्हाणीघरात शिरे. एकदा शिरला की पाऊण तास बाहेर नाही. तेवढ्यात कमरुद्दीन चिनीमातीच्या कपात निखारे घेऊन घरभर फिरायचा. कपाटाला धूर, पलंगाला धूर, फ्रिजला धूर. झाकलेलं नि टांगलेलं सोडू नका असं बायकोने बजावलं होतं, म्हणून खुंट्यांवरच्या बदकांच्या पिशव्यांनाही, एकेकीखाली कप धरून, भरपूर धूर. मग खिडक्या सताड उघडायच्या. साहेबाचं नाक नुसतं शोभेचं. दम्याने त्याचा वास कधीच गेला होता.

आणि पहिल्याच शुक्रवारी साहेब कागदावर वाकला तो सरळ होईना.

"कमरुद्दीन! ये क्या है?"

पिशवीच्या आतल्या कापडाला एक किडा चिकटला होता. तांदळाच्या कणीएवढा, चपटा, अंगावर तीन उदी पट्टे. साहेबाच्या जाड पुस्तकात तो नव्हता. दुसऱ्या पिशवीत आणखी दोन. साहेबाने त्या दिवशी नाश्ता केला नाही. दोन्ही पाखरांची पिसं त्याने एकेक करून तपासली, तेव्हा एका पंखाच्या पिसाची पोकळ दांडी त्याला कुरतडलेली दिसली. हा किडा दांडीच्या आत राहत होता. तिथे कंगवा पोचत नाही. मग आजच बाहेर का आला?

पुढच्या सोमवारी साहेब कामावर दांडी मारून शिकारीला गेला. पट्ट्यांचा किडा एकही नाही. गुरुवारी पुन्हा चार. परत सोमवारी शून्य. साहेबाने भिंतीवर भलामोठा तक्ता लावला. भरती-ओहोटी, चंद्र, वारा, उन्हाचा पारा. काहीच जुळेना, जुळत होता फक्त वार. शेवटी त्याने असं काढलं की शारजाच्या विमानतळावर दर गुरुवारी टपालाचं विमान उतरतं, त्याच्या घरघरीने बदकांची पिसं थरथरतात आणि किडे बाहेर पडतात. त्याने विमानतळाला रीतसर पत्र लिहिलं की शास्त्राच्या हितासाठी एक महिनाभर विमान मंगळवारी उतरवावं. उत्तर आलं नाही. कमरुद्दीन हे सगळं चहाचा ट्रे हातात धरून ऐकायचा आणि मनात म्हणायचा, शिकलेल्या माणसाचं डोकं फिरलं की ते फार लांबवर फिरतं. धुराचा आणि किड्यांचा संबंध त्याच्या स्वप्नातही आला नव्हता. त्याने औलाद मागितली होती, त्याचं लक्ष टपालाकडे होतं.

फेब्रुवारीत लोबान संपला. नवं पुडकं यायला तीन आठवडे लागले. त्या तीन गुरुवारी विमान वेळेवर उतरलं, पण किडा नाही. साहेब खचला. आमसूल घातलेलं बदक जसंच्या तसं परत येऊ लागलं आणि बावर्चीच्या काळजाला घरं पडली. चौथ्या बुधवारी पुडकं आलं, गुरुवारी धूर झाला, आणि शुक्रवारी सकाळी पिशवीत सहा किडे! साहेब टेबलाभोवती नाचला. कमरुद्दीनच्या हातून मात्र किटली निसटली.

लोबान संपला तसे किडे थांबले होते, आणि लोबान आला तसे तेही आले होते. न सांगावं तर साहेब विमानाची गोष्ट लंडनला कळवून हसं करून घेणार. सांगावं तर नियम मोडल्याबद्दल नोकरी जाणार. संध्याकाळी तो लोबानचं पुडकं आणि तो कप घेऊन साहेबापुढे जाऊन उभा राहिला.

"साब, विमान नहीं. ये है."

सगळं ऐकून साहेबाने कप उचलून आत डोकावून पाहिलं. पुढच्या गुरुवारी दहा पाखरं आणून त्याने ओला टॉवेल नाकाला बांधला, खिडकीबाहेर उभा राहिला आणि आतल्या कमरुद्दीनला हुकूम सोडला, "फिर से करो!" पाच पिशव्यांना धूर, पाच कोऱ्या. पाचांतून किडे निघाले, कोऱ्यांतून नाही. आपल्या किड्यांच्या दुनियेत शेकडो वर्षांत कुणाला न सुचलेली युक्ती एका बावर्चीने औलादीसाठी धूप घालता घालता काढली, हे साहेबाने खोकत खोकत, पण उभ्याने टोपी काढून कबूल केलं. कमरुद्दीनला टोपी काढणं बरं वाटलं. पुढचं बरं वाटलं नाही.

पुढचं असं झालं, की आठ महिन्यांनी लंडनहून किड्यांच्या मासिकाची चार छापील पानं आली आणि साहेबाने ती स्वतःच्या हाताने मुदपाकखान्यात आणून दिली. वर किड्याचं चित्र, सहा पाय, तीन पट्टे. खाली त्याचं शास्त्रातलं नाव: अमुकतमुक बुरोंडकरी.

"तुम्हारा नाम!" साहेब ओरडला. "हमेशा के लिए!"

कमरुद्दीनला आधी कळलंच नाही. मग कळलं. चार पिढ्या तांडेल. आजोबांच्या गलबताला जंजिऱ्याच्या धक्क्यावर नुसत्या नावावर जागा मिळायची. ते नाव एका उवेला!

"साब, निकालो. मेहरबानी करके निकालो."

साहेबाला खरोखर वाईट वाटलं. त्याच्या जगात याहून मोठा मान नव्हता. त्याच्या स्वतःच्या नावाची अजून एक ऊही नव्हती. त्याने समजावलं की नाव एकदा छापलं की कुणालाही, अगदी राणीलाही, काढता येत नाही. माणसं मरतील, कंपनी बंद होईल, पण हा किडा जगात कुठेही, कुणालाही सापडला तरी बुरोंडकरीच राहील. हे समजावणं ऐकून कमरुद्दीनने ती चार पानं मसुराच्या डब्यात तळाशी घातली आणि वरून मसूर ओतली. मग दोन वर्षं त्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. रशीदालाही लिहिलं नाही.

सहासष्टच्या थंडीत दोन पत्रं एकाच टपालात आली.

पहिलं भावाचं. खैरुद्दीनने ठरवून टाकलं होतं. दाभोळची मुलगी, बिलकीस, एकोणीस वर्षांची, घर चांगलं. रशीदा आहे तशी राहील, तिला कुणी काढत नाही, पण नाव चालायला हवं. पुढच्या महिन्यात लाँच दुबईला येते आहे, तेव्हा अजमानला येतो. मुलीचा मामू शौकत दुबईतच एका शिपिंग ऑफिसात क्लार्क आहे, तोही येईल, तुझं ऑफिस बघून घेईल आणि तारीख पक्की करू.

दुसरं रशीदाचं, सरळ रेघेत, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात. 'मोठ्या भाईंनी विचारलं, मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला तोंड नाही. मुलगी चांगली आहे. तुमच्या आवडीचं काय काय ते मी तिला शिकवीन. माझी पेटी माडीवरून खालच्या खोलीत आणली आहे, म्हणजे तिला जागा होईल. लोबान आता पाठवत नाही.'

कमरुद्दीनने ते पत्र चुलीपाशी उभ्यानेच वाचलं. पेटी खाली आणली. ती शिसवी पेटी दोन माणसांना उचलत नाही. तिने ती एकटीने पायरी पायरीने घसरवत आणली असेल. त्याला रडू आलं आणि त्याने ते मुळीच आवरलं नाही. पण भावाला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं. बाप गेल्यावर खैरुद्दीननेच त्याला वाढवलं. उलटी करून करून अर्धमेला झालेल्या भावाचं डोकं मांडीवर घेऊन एका हाताने सुकाणू धरणारा तो माणूस. त्याच्यापुढे कमरुद्दीनचं तोंड उघडत नसे. आणि काय म्हणून उघडायचं? भावाचं एकच म्हणणं होतं, नाव बुडू नये.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर दोघं आले. खैरुद्दीन पांढऱ्या दाढीचा, समुद्राने रापलेला. शौकत चाळिशीचा, टेरिलीनची पँट, खिशाला दोन पेनं. साहेब आत वामकुक्षी करत होता. कमरुद्दीनने मुदपाकखान्यातच चटई घातली, चहा ठेवला, बदकाचं सुकं ठेवलं. शौकतने एक घास खाल्ला, मान डोलवली, मग दुसरा, तिसरा.

"माशाल्ला, कमरुद्दीनभाई, खाना तो एकदम फर्स्ट क्लास," तो म्हणाला. "आता जरा ऑफिस दाखवा. म्हणजे डेस्क वगैरे किधर आहे तुमचं? बिलकीसच्या वालिदांना मला रिपोर्ट द्यायचाय ना."

"हेच," कमरुद्दीन म्हणाला.

"हेच म्हणजे किचन?"

"नमुन्याचं खातं आहे त्याचं," खैरुद्दीन घाईने म्हणाला. "साहेबाचा उजवा हात आहे. बोल की रे."

"हां, हां, सॅम्पल डिपार्टमेंट. इन्शाल्ला प्रमोशन पण होईल. खलास, मग डेट फिक्स करू. रमजानच्या आधी की बाद में?"

खैरुद्दीन पुढे वाकला. "आधीच कर. देर कशाला? नाव चालायचंय. आपल्या मागे बुरोंडकर म्हणून कुणी नको का रे जगात?"

कमरुद्दीन उठला. त्याच्या मनात काहीच ठरलेलं नव्हतं, हे त्याने नंतर शपथेवर सांगितलं. पाय आपोआप फळीकडे गेले. त्याने मसुराचा डबा काढला, चटईवर ओतला आणि तळातली चार पानं झटकून शौकतच्या हातात दिली.

"तुम्हाला इंग्लिश येतं. वाचा. भाईला समजावून सांगा."

छापील इंग्रजी बघून शौकतची छाती फुगली. "वा! लंडन! भाईजान, बघा, इथे नाव आहे, बुरोंडकरी! प्रिंटमध्ये!" खैरुद्दीनचे डोळे चमकले. मग शौकतने खोकून वाचायला सुरुवात केली. "'द न्यू स्पीशीज...' म्हणजे नवीन जात. 'ऑफ...'" तो थांबला. पुन्हा वाचलं. चित्राकडे पाहिलं. सहा पाय मोजले. "कमरुद्दीनभाई, ये क्या है? मतलब, हे तर..."

"ऊ," कमरुद्दीन म्हणाला.

"कुणाची?"

"बदकाची. राहते बदकाच्या पिसात, पण नाव आमचं. मीच शोधली. हेच माझं खातं. मी बदकाच्या उवा काढतो, भाई. पाच वर्षं काढतोय. आणि आता साऱ्या दुनियेत जिथे जिथे ही ऊ सापडेल तिथे तिथे तिला बुरोंडकरी म्हणतील. राणीनेसुद्धा काढायचं म्हटलं तरी निघत नाही. साहेबांना विचारलंय मी."

शौकतने हातातलं बदक ताटलीत ठेवलं, ताटली दूर सरकवली आणि बोटं पँटला पुसली. मग तो हळूहळू, एकेक शब्द तोलत बोलला. "भाईजान, राँग समजू नका. पण ही गोष्ट दाभोळला पोचली, आणि पोचणारच, तर आमच्या बिलकीसला लोक काय म्हणतील? तिच्या मुलांना शाळेत? हजेरीला मास्तर नाव घेईल आणि सगळा क्लास डोकं खाजवेल! नको. यल्ला, मी चलतो. माझी गाडी..." गाडी यायला दोन तास होते, पण तो गेला. डोकं खाजवतच गेला.

चटईवर मसूर पसरली होती. खैरुद्दीन तीत बोट फिरवत बसून राहिला.

"कुणी सांगितलं होतं तुला हे दाखवायला?" तो अखेर म्हणाला. "अजून दोन वर्षं डब्यात राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? बापाचं नाव बुडवलंस तू."

"बुडवलं नाही, भाई. छापलं," कमरुद्दीन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा भावापुढे त्याचा आवाज कापला नाही. "तुम्हीच म्हणालात, मागे कुणीतरी बुरोंडकर हवा. आहे. दर हिवाळ्यात येईल. रशीदाला पेटी वर न्यायला सांगा. तुम्ही स्वतः उचलून न्या."

जाताना दारात खैरुद्दीन वळला आणि विचारावं की न विचारावं अशा आवाजात त्याने विचारलं, "खरंच राणीला पण काढता येत नाही?"

"नाही."

"हं," खैरुद्दीन म्हणाला, आणि ती चार पानं कमरुद्दीनच्या हातातून घेऊन त्याने आपल्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

त्याच आठवड्यात कमरुद्दीन साहेबाकडे गेला. त्या धुराने आणखी एक किडा बाहेर काढला होता, मानेच्या पिसांतला, गोल आणि फिकट. त्याची कुपी दोन वर्षं बिननावाची पडून होती.

"साब, उसका नाम रखना है तो रशीदा रखो."

साहेब दचकला. "बीवी का? वो नाराज नहीं होगी?"

"इतने साल में लोगों ने उसको बहुत नाम दिए, साब," कमरुद्दीन म्हणाला. "ये उन सबसे अच्छा है."

साहेबाने यावेळी आरडाओरडा केला नाही. दौतीत टाक बुडवून त्याने कुपीच्या चिठ्ठीवर नाव लिहिलं. मग कमरुद्दीनने घरी पत्र लिहायला घेतलं, आणि पहिल्यांदाच त्यात सगळं लिहिलं. नमुने कशाचे, लोबानने काय केलं, शौकत कसा पळाला, आणि दुसऱ्या उवेचं नाव काय ठेवलं. तीन पोस्टकार्डं लागली. टाकून आल्यावर त्याला भीती वाटली. बायकोच्या नावाने ऊ! वाचून ती रागावली तर? हसली नाही तर?

उत्तर दीड महिन्याने आलं.

'पेटी मोठ्या भाईंनी स्वतः वर नेली. त्यांच्या कमरेत उसण भरली आहे, पण बोलत नाहीत. तुमचे कागद त्यांनी लोकांना दाखवले. चित्राची बाजू दुमडून दाखवतात. मैमुनाबींना मी सांगितलं, त्या म्हणाल्या, मागितलं ते नाही मिळालं तरी रिकाम्या हाताने नाही पाठवलं. मला राग आला नाही. मी दोन दिवस हसत होते, पाण्यावर बायका बघत राहिल्या. लोबान पुन्हा पाठवते आहे. एकच विचारायचं होतं, साहेबांना विचारून कळवा. ती दोघं एकाच बदकावर राहतात, की एक इथे आणि एक तिथे?'

कमरुद्दीन ते पत्र घेऊन साहेबाच्या खोलीत गेला. त्याने रशीदाचा प्रश्न विचारला. साहेबाने जाड वही काढली, बोट फिरवत फिरवत पानं उलटली. पिशवी नंबर बावीस. नंबर एकतीस. नंबर त्रेसष्ट.

"एक ही," साहेब म्हणाला. "हमेशा एक ही बदक. वो पंख में, वो गर्दन में."

मुदपाकखान्यात येऊन कमरुद्दीनने पोस्टकार्ड काढलं आणि लिहिलं, 'एकाच.' एवढंच लिहून पाठवावं असं त्याला वाटलं होतं. पण कार्डावर खूप जागा उरली होती, आणि या खेपेला ती पुरली नाही असं म्हणायची सोय नव्हती. तो उठला, परत साहेबाकडे गेला, कुटुंबाला आणण्याच्या कागदांबद्दल बोलला, साहेबाने ओरडून "हां!" म्हटलं, आणि मग येऊन त्याने खाली लिहिलं, 'तुझी पेटी पुन्हा खाली आण. एकटीने उचलू नको. तुला न्यायला मी स्वतः येतो आहे. बोट लागली तर लागली.'